स्प्रिंग ट्रेनिंगला येताय? मग सामन्याआधी सकाळचा सराव बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्चमध्ये बेसबॉल संघांचं स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे हंगामाआधीचं सराव शिबिर, बघायला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून तीन दिवस फिनिक्सला यायचं आहे. नऊ वर्षांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाचा कट्टर चाहता आहे. सोबत सांगलीहून आलेले, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आहेत. कुठल्या मैदानावर जावं, तिकिटं कुठली काढावीत, मुलाला सही मिळेल का, आणि ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनी तीन तास तिथे करायचं काय?

मी या शहरात सव्वीस वर्षं राहतो. निवृत्त झाल्यापासून गेली अकरा वर्षं दर फेब्रुवारी-मार्चला इथल्या एका मैदानावर स्वयंसेवक म्हणून उभा असतो. फाटकावर तिकिटं बघणं, लोकांना त्यांची जागा दाखवणं, हिरवळीच्या उतारावर घसरलेल्या आजोबांना हात देणं ही आमची कामं. बालपण दादरचं, म्हणजे क्रिकेट नसानसांत. बेसबॉल मी इथे आल्यावर शिकलो, आणि तोही सामने बघून नाही, सराव बघून. म्हणून माझा पहिला सल्ला ऐकायला उलटा वाटेल: तीन दिवसांत सामना एकच बघा. उरलेल्या दोन सकाळी सरावाच्या मैदानांच्या कुंपणाशी घालवा.

का, ते सांगतो. मेजर लीगचे, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचे, तीस संघ फेब्रुवारीच्या मध्याला उन्हाच्या शोधात दोन राज्यांत जातात. पंधरा फ्लोरिडात, पंधरा इथे अ‍ॅरिझोनात. आधी पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू घेणारे) येतात, चार-पाच दिवसांनी बाकीचे. एकेका संघाच्या शिबिरात साठेक खेळाडू असतात आणि हंगाम सुरू होताना त्यांतले सव्वीसच संघात उरतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत सामने सुरू होतात आणि मार्चअखेर सगळे आपापल्या गावी परततात. या सामन्यांचा निकाल कुठेही धरला जात नाही. नऊ इनिंगनंतर बरोबरी असली तर दोन्ही संघ बॅगा उचलून बसमध्ये चढतात. मोठे खेळाडू मार्चच्या सुरुवातीला दोन-तीन इनिंग खेळतात, कपडे बदलतात आणि घरी जातात. मग ‘आज कोण जिंकणार’ हे मनात धरून आलेला माणूस चौथ्या इनिंगला जांभया देऊ लागतो. त्यात त्याची चूक नाही. त्याला काय बघायचं हे कोणी सांगितलेलं नसतं.

सासऱ्यांना समजावताना एवढंच सांगा: शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून आम्ही नेट्स बघायचो, तसं हे आहे. जाळीच्या मागे चार फुटांवर रणजीचा गोलंदाज धापा टाकत परत आपल्या खुणेकडे जायचा आणि आम्हाला त्याचं पुटपुटणं ऐकू यायचं. सामन्याच्या दिवशी तोच माणूस स्टँडमधून मुंगीएवढा दिसायचा. इथे जगातले सगळ्यात महागडे खेळाडू तुमच्यापासून त्या चार फुटांवर असतात. सकाळी आणि बहुतेक ठिकाणी फुकट.

आता कुठे जायचं. अ‍ॅरिझोनातले पंधरा संघ दहा मैदानांवर राहतात, कारण पाच मैदानं दोन-दोन संघांनी वाटून घेतली आहेत. दहाही फिनिक्सच्या आसपासच आहेत. पूर्वी दक्षिणेला टूसॉनमध्येही संघ असायचे, पण २०१० नंतर तिथे कोणी उरलं नाही. आपल्यासारख्या पाहुण्यांना हे सोयीचंच झालं, कारण एका हॉटेलात राहून सगळं बघता येतं. मात्र ‘आसपास’ या शब्दावर फार विसंबू नका. सरप्राइझ, पिओरिया, गुडइयर, ग्लेनडेल ही पश्चिमेची मंडळी. मेसा, टेंपे, स्कॉट्सडेल ही पूर्वेची. सरप्राइझहून मेसा म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, आणि संध्याकाळी पाचला फ्रीवेवर अडकलात तर मुलगा मागच्या सीटवर झोपून जाईल. एका दिवशी एकच बाजू धरा. तुम्हाला पूर्वेची बाजू बरी.

पहिली सकाळ सॉल्ट रिव्हर फील्ड्सला द्या. हे मैदान २०११ मध्ये उघडलं आणि ते सॉल्ट रिव्हर पिमा-मॅरिकोपा या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आहे. मेजर लीगच्या संघांचं आदिवासी भूमीवर बांधलेलं हे पहिलं मैदान. डायमंडबॅक्स आणि रॉकीज हे दोन संघ इथे असतात. १४० एकरांत मुख्य मैदानाखेरीज सरावाची बारा मैदानं, प्रत्येक संघाला सहा. पूर्वेकडे डोंगरांची रांग दिसते. तुमचा मुलगा म्हणेल, ‘पण हे जायंट्स नाहीत!’ म्हणू दे. जायंट्स दुसऱ्या दिवशी. स्कॉट्सडेल स्टेडियम शहराच्या जुन्या वस्तीत, दुकानं-हॉटेलांच्या गराड्यात आहे. तिथे बसून सामना बघायला फार मजा येते, पण सरावाच्या मैदानांना पाय पसरायला जागा नाही. पाय पसरलेला सराव बघायचा तर सॉल्ट रिव्हर, मेसामधलं शिकागो कब्स संघाचं स्लोन पार्क, किंवा पश्चिमेचं कॅमलबॅक रँच. कॅमलबॅक रँचमध्ये डॉजर्स आणि व्हाइट सॉक्स राहतात. मधे तळं आहे, झाडी आहे, आणि जपानी खेळाडू ओहतानी डॉजर्समध्ये आल्यापासून जपानी पत्रकारांचे कॅमेरेही आहेत. जायंट्सच्या चाहत्याला डॉजर्सच्या, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, घरात न्यायचं का, हा तुमच्या घरचा प्रश्न. मी पडणार नाही त्यात.

सराव बघायला सकाळी साडेनऊला हजर राहा. कुठली मैदानं लोकांसाठी उघडी आहेत आणि किती वाजता, हे दर वर्षी आणि कधीकधी दर आठवड्याला बदलतं. आदल्या रात्री संघाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. एकदा सामने सुरू झाले की सकाळचा सराव आटोपता होतो. सराव मनसोक्त बघायचा खरा काळ फेब्रुवारीचा तिसरा-चौथा आठवडा आहे, पण शाळा बुडवायला तुम्ही तयार नाही असं दिसतं.

तिथे गेल्यावर काय बघायचं? सगळे लोक फलंदाजीच्या सरावाकडे धावतात, चेंडू उंच उडताना बघायला. तुम्ही आधी बुलपेन शोधा. म्हणजे पिचर गरम होतात ती चिंचोळी जागा. तिथे मातीच्या उंचवट्यांची रांग असते, समोर कॅचर बसलेले. कुंपणाला टेकून सासऱ्यांना फक्त डोळे मिटायला सांगा. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसतो तेव्हा लाकडी दार धाडकन लावल्यासारखा आवाज होतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकून मागे सरलो होतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वेग इथे रोजचा आहे, आणि चेंडूला टप्पा पडत नाही, म्हणजे जमिनीवर आपटून वेग कमी होण्याचा प्रश्नच नाही. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथपर्यंत, १८.४४ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी स्टंप ते स्टंप २०.१२ मीटर. सासरे लगेच म्हणतील, क्रीझ ते क्रीझ मोजा, ते १७.६८ भरतं. बरोबर आहे त्यांचं, आणि हा वाद घालत एक तास सुखात जातो, अनुभव आहे. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, १४२ ते १४९ ग्रॅम. कोणी खिशातून काढून हातात दिला तर त्यांना शिवण चाचपू द्या. बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ टाके असतात आणि पिचरची सगळी जादू त्या टाक्यांवर बोटं कशी ठेवली यात असते. शिवणीवर आयुष्य घालवलेल्या क्रिकेटवाल्याला हे मुद्दाम शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फंगो. ही लांब, सडपातळ, हलकी बॅट प्रशिक्षक वापरतात. एका हाताने चेंडू उडवायचा आणि फंगोने बरोबर हव्या त्या जागी मारायचा, कधी सरपटी, कधी आभाळात. पासष्टीचा पोट सुटलेला प्रशिक्षक शंभर चेंडू मारतो आणि शंभरही त्याला हवे तिथे जातात. मला तो इथल्या मोठ्यात मोठ्या खेळाडूपेक्षा जास्त आवडतो.

आणि तिसरी, जी कोणीच बघत नाही: पिचरांचा क्षेत्ररक्षणाचा सराव. पिचर चेंडू टाकल्याची नक्कल करतो, प्रशिक्षक पहिल्या बेसच्या (धावताना गाठायच्या पहिल्या ठाण्याच्या) बाजूला चेंडू मारतो, आणि हा लंबूटांग माणूस धावत जाऊन, बेसवर पाय ठेवत, तिथल्या क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू झेलतो. मग रांगेतला पुढचा. मग पुढचा. कोट्यवधी डॉलरचा माणूस आणि काल कॉलेजातून आलेला पोरगा एकाच रांगेत, एकच कंटाळवाणी गोष्ट वीस वेळा करतात. तुमच्या मुलाला हे दाखवा. शाळेतल्या संघाच्या सरावाला जायची कुरकुर निदान महिनाभर थांबेल.

इथेच एक सावधगिरी. मागच्या मैदानांवर सगळीकडे जाळ्या नसतात आणि एकाच वेळी तीन-चार ठिकाणी चेंडू उडत असतात. ‘हेड्स अप!’ अशी आरोळी आली की वर बघायचं नाही. खाली वाकायचं, डोक्यावर हात. माझ्या चौथ्या हंगामात मी इंग्रजी शब्दशः घेतलं, मान वर केली, आणि चष्म्याची काडी गेली. डोळा वाचला ते नशीब. वर्दीतल्या माणसाला चेंडू लागलेला बघून पोरांना फार आनंद झाला होता.

आता सामना. जायंट्सचा सामना स्कॉट्सडेलला, म्हणजे त्यांच्या घरच्या मैदानावरच बघा. पाहुणा संघ मोजकेच नेहमीचे खेळाडू घेऊन बसने येतो. नियमाप्रमाणे निदान चार आणायचे असतात, पण त्या चारांत तुमच्या मुलाचा लाडका असेलच असं नाही. वेळापत्रकात संघाच्या नावापुढे ‘एसएस’ दिसलं तर त्या दिवशी संघ दोन तुकड्यांत विभागून दोन ठिकाणी खेळतोय असं समजा. अशा दिवशी घरच्या मैदानावरही अर्धीच मंडळी मिळतात. नऊ वर्षांच्या पोराची निराशा टाळायची तर एसएसचा दिवस टाळा.

वार मधला धरा, मंगळ किंवा बुध. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या वसंत सुट्टीत भाव चढतात. कब्स आणि डॉजर्सचे सामने तर कायमच महाग. १९५२ मध्ये कब्स पहिल्यांदा मेसामध्ये आले, मधली काही वर्षं सोडली तर तिथेच येतात, आणि शिकागोच्या थंडीतून सुटलेली अर्धी जनता त्यांच्यामागे येते. तिकिटं फोनवरच येतात, तेव्हा फोन भरून आणा.

सगळ्यात स्वस्त तिकीट हिरवळीचं असतं, ज्याला इथे बर्म म्हणतात. आउटफील्डच्या पलीकडचा गवताचा उतार, चादर पसरायची आणि लोळायचं. तुम्ही आणि मुलगा खुशाल जा. पोरं तिथे गडगडत खाली येतात, होम रनमागे धावतात, अनोळखी पोरांशी दोस्ती करतात. पण सासू-सासऱ्यांना तिथे बसवू नका. जमिनीवर बसून उठणं, तेही उतारावर, गुडघ्यांना परवडत नाही. आणखी एक कारण आहे. बेसबॉलचं मैदान आखताना दुपारचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये असं बघतात. म्हणजे फलंदाजाकडे तोंड करून बसलेल्या हिरवळीवरच्या माणसाच्या डोळ्यांत ते नेमकं जातं. एकचा सामना, तीनपासून ऊन थेट समोरून. त्या दोघांसाठी होम प्लेटच्या मागच्या, वरच्या रांगांतल्या छपराखालच्या खुर्च्या घ्या. चार पैसे जास्त पडतील. दिवस वाया जाण्यापेक्षा ते बरं.

मार्चमध्ये इथे दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास असतं. सांगलीकरांना ती थंडी वाटेल. फसवणूक तिथेच आहे. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही, आणि तासाभरात डोकं धरतं. दर इनिंगला दोन घोट पाणी, तहान असो वा नसो. टोपी हवीच. सामना संध्याकाळचा असला तर उलटं, सूर्य बुडाला की वाळवंट झपाट्याने गार होतं. तेव्हा शाल, स्वेटर जवळ ठेवा.

खाण्याचं. अनेक मैदानांवर बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. सीलबंद पाण्याची बाटली चालते. पिशवीच्या मापाचे नियम प्रत्येकाचे वेगळे, वाचून या. दोन वर्षांपूर्वी माझ्याच फाटकावर एक काका आले. पिशवी उघडली तर आत स्टीलचा चार खणांचा डबा, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही. वास दरवळला आणि माझ्यासोबतची बाई विचारू लागली हे काय. नियम म्हणजे नियम. मी मराठीत म्हणालो, ‘काका, गाडीत ठेवून या हो, माझा नाइलाज आहे.’ मराठी ऐकून त्यांचा राग दुप्पट झाला. आपलाच माणूस अडवतो म्हणजे काय! शेवटी त्यांनी फाटकाबाहेरच डबा सोडला, सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्लं, आणि पहिली इनिंग बुडाली. तेव्हा आधी पोटभर जेवून या. आत शाकाहारी माणसाला नाचो, प्रेट्झेल, पॉपकॉर्न, चुरो, लिंबू सरबत मिळतं. आणि भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, सालासकट, मोठ्या पिशवीत. टरफलं पायाखाली टाकायची हाच इथला रिवाज. सासूबाईंना हा एक खेळ पहिल्या मिनिटापासून कळेल.

सही. हा मुलाच्या दृष्टीने खरा विषय, म्हणून नीट सांगतो. फाटक उघडल्याबरोबर आत या आणि डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या जागेच्या) टोकाशी, रेषेच्या कडेला पहिली रांग धरा. सामन्याआधीच्या पाऊण तासात खेळाडू हातपाय मोकळे करून परत येताना तिथे थांबतात. थांबले तर. सक्ती नाही, आणि सही नाही दिली म्हणून तोंड वाकडं करायचं नाही हे मुलाला आधीच सांगून ठेवा. चेंडूवर सही घ्यायची तर साधं निळं बॉलपेन द्या. मार्करची शाई कातड्यात पसरते आणि वर्षभरात नाव म्हणजे ढग होतो. मार्कर कार्डासाठी, फोटोसाठी. पेनाचं टोपण आधीच काढून हातात धरा, कारण खेळाडू सहा सेकंद थांबतो आणि त्यातले चार टोपणात जातात. खेळाडूला नावाने हाक मारा, नुसतं ‘ए’ किंवा जर्सीचा नंबर ओरडू नका. मोठ्यांनी मागे उभं राहावं. पाठपिशवीत वीस चेंडू घेऊन फिरणारे बाप्ये दिसतील, ते विकणारे असतात. खेळाडू त्यांना ओळखतात आणि त्यांच्या जवळ उभ्या राहिलेल्या पोरांनाही टाळतात. तिथून चार पावलं लांब राहा.

पाचव्या-सहाव्या इनिंगला तुम्हाला दिसेल की स्टँड रिकामा होतोय. मोठी नावं गेली, लोक गेले. माझी कळकळीची विनंती: तुम्ही थांबा. आता जे मैदानात येतात त्यांच्या पाठीवर ७८, ८६, ९३ असे आकडे असतात. यांच्यातले बरेच जण मुख्य यादीत नसतात, शिबिराला फक्त बोलावणं आलेलं असतं. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये मेजर लीगच्या खेळाडूंना पगार मिळत नाही, खर्चापुरता भत्ता मिळतो. मेजर लीगचा पगार सुरू होतो हंगामाबरोबर, तोही संघात जागा मिळाली तर. कोट्यधीशाला त्याचं काही वाटत नाही. ८६ नंबरला वाटतं. ज्या सामन्याचा निकाल धरत नाहीत त्याच्या आठव्या इनिंगला, दीड हजार माणसांसमोर, हा मुलगा पहिल्या बेसपर्यंत असा पळतो की वाघ मागे लागलाय. एकदा असाच एकजण बाद होऊन परत येताना माझ्यासमोर डगआउटच्या कठड्याला कपाळ टेकवून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी यादीतून त्याचं नाव गेलं होतं. माझ्या नातवाकडे त्याची सही आहे. नाव लागत नाही, पण चेंडू त्याने फडताळात सगळ्यात पुढे ठेवलाय.

सासऱ्यांसाठी दोन नव्या गोष्टी. एक म्हणजे घड्याळ. २०२३ पासून पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा आणि फलंदाजाने वेळेत तयार असायचं. बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंद. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला फ्लोरिडात ब्रेव्हज आणि रेड सॉक्सचा सामना ६-६ असताना, शेवटच्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, आणि फलंदाज वेळेत तयार नव्हता म्हणून पंचाने तिसरा स्ट्राइक दिला, म्हणजे फलंदाज बाद. खेळ खल्लास, बरोबरी! ‘टाइम्ड आउट’वरून वाद घालणाऱ्या क्रिकेटवाल्याला हा किस्सा सांगाच. दुसरी म्हणजे यंत्राकडे दाद मागणं. २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये याची चाचणी झाली. पंचाचा स्ट्राइक-बॉलचा निर्णय, म्हणजे चेंडू फलंदाजाच्या टप्प्यात होता की बाहेर हा, पटला नाही तर फलंदाज, पिचर किंवा कॅचर डोक्यावर थाप मारतो, आणि फलकावर चेंडूचा मार्ग दिसतो. दाद चुकली तर प्रत्येक संघाला अशा दोनच चुका माफ. डगआउटकडे बघून विचारायला मनाई. डीआरएसचा भाऊच.

थोडा इतिहासही सांगा त्यांना, मधल्या वेळेत. इथे संघ येऊ लागले १९४७ मध्ये. क्लीव्हलँडचा संघ टूसॉनला आला आणि जायंट्स, जे तेव्हा न्यूयॉर्कचे होते, फिनिक्सला. क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक यांनी त्याच उन्हाळ्यात लॅरी डोबी या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतलं, मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सननंतर काही आठवड्यांत. पण १९४८ च्या वसंतात टूसॉनमध्ये संघाच्या हॉटेलात डोबीला खोली मिळाली नाही. त्याला एका कुटुंबाच्या घरी राहावं लागलं. इथल्या उन्हाचं कौतुक करताना हेही ठाऊक असावं. फ्लोरिडाच्या स्पर्धेला ‘ग्रेपफ्रूट लीग’ म्हणतात, आणि त्या नावामागे सांगतात ती गोष्ट मजेशीर आहे. १९१५ मध्ये डेटोना बीचला ब्रुकलिन संघाचे व्यवस्थापक विल्बर्ट रॉबिन्सन विमानातून टाकलेला चेंडू झेलायला उभे राहिले. वैमानिक रूथ लॉ चेंडू विसरल्या होत्या, त्यांनी पपनसाच्या जातीचं ते फळ टाकलं. ते फुटून अंगभर रस झाला, आणि रॉबिन्सनना वाटलं रक्तच आलं. सांगलीकरांच्या माहितीसाठी: सांगलीचे विजय हजारे जन्मले तेही १९१५ सालीच. आणि भारतीय नाव हवंच असेल तर फ्लोरिडातल्याच ब्रेडेंटनला पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या शिबिरात उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल शिकले. दोघंही मुळात भालाफेकपटू. २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी संघाने त्यांना करारबद्ध केलं. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात ‘वीर महान’ झाला. हे ऐकून तुमचा मुलगा तरी नक्की उठून बसेल.

सामन्याच्या सातव्या इनिंगला सगळे उभे राहून गाणं म्हणतात. सासूबाईंना उठवा, गुडघे मोकळे होतात.

शेवटी घड्याळाचं, कारण यात दर वर्षी लोक फसतात. अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत आम्ही कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतो, त्यानंतर दोन्हीकडे एकच वेळ. पहिल्या आठवड्यात आलात आणि डोक्यात फ्रीमाँटची वेळ राहिली, तर सराव संपून मैदानावर पाणी मारणारी माणसंच भेटतील. सांगलीला फोन लावायचा तर हिशेब बाराही महिने सोपा आहे: इथल्या घड्याळात साडेबारा तास मिळवा. सामना संपून तुम्ही गाडीत बसाल तेव्हा साडेचार वाजलेले असतील, आणि तिकडे पहाटेचे पाच. सासऱ्यांचे मित्र फिरायला निघालेले असतील. त्यांना गाडीतूनच फोन लावून द्या आणि रेडिओ बंद ठेवा.